पायानं दिलेला चार्ज

सौंसरात भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला लग्न झालंय का, मटण-मच्छी खाता का, पाहुणे किती येतात, यातलं काहीच विचारलं नाही. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ते मनगटावरच्या जुन्या घड्याळाला चावी देत होते. मान वर न करताच म्हणाले, "पूल बांधाले आले ना तुमी? रामाकोन्याच्या पुढचा? कितीक माणसं, कितीक दिवस?"

मी नोकरीत नवाच होतो. म्हटलं, "मुदतीत होईल."

"मुदत नाही विचारली जी. माणसं अन् दिवस विचारले," ते म्हणाले, आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

त्या पुलावरून आता बस जाते. पूल पक्का आहे, त्याला काही होणार नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही तिकडं जोराचा पाऊस झाल्याचं कानावर आलं की माझा हात आपोआप फोनकडं जातो. बायको म्हणते, पुलाची काळजी सोडा आता. तिला कसं सांगू, की काळजी पुलाची नाही.

घरमालक आमच्याच खात्यातून टाईमकीपर म्हणून निवृत्त झाले होते. टाईमकीपर म्हणजे कामावर मजूर किती आले, किती वाजता आले आणि किती वाजता गेले हे बघणारा माणूस. त्याच्या हाताखाली कोणी नसतं आणि डोक्यावर सगळे असतात. त्यांच्या नोकरीत सतरा सब-इंजिनियर आले आणि बदलून गेले. हे तिथंच राहिले. "साहेब म्हंजे पाहुने, मी घरचा," असं ते म्हणायचे. निवृत्त होताना त्यांनी खात्याचं सगळं परत केलं, फक्त शिटी तेवढी दिली नाही. सकाळी बुद्धवंदना म्हणून झाली, चहा झाला, की शिटी गळ्यात अडकवून ते गावात कुठं बांधकाम चाललंय ते बघायला निघत. सगळं सौंसर त्यांना टाईमकीपर काकाजी म्हणायचं, म्हणून मीही काकाजीच म्हणू लागलो.

बांधकामाच्या समोर एखाद्या पानठेल्यावर बसून ते माणसं मोजत. पण काम करणारी नव्हे, थांबलेली. मला म्हणायचे, "काम करनाऱ्याले तं सारेच मोजते. थांबलेल्याले मोजा. महागाई तिथं बसली असते."

एकदा पाण्याच्या टाकीच्या कामावर मी त्यांच्यासोबत होतो. सात माणसं सावलीत बसली होती. काकाजी त्यांतल्या एकाजवळ गेले. "कोनाची वाट पाहून राहिला बाप्पा?" तो म्हणाला, मसाल्याची, म्हणजे सिमेंटच्या गाऱ्याची. मसाला कालवणारा रेतीची वाट पाहत होता. रेतीचा ट्रॅक्टर नाक्यावर पावतीसाठी अडला होता, पावती देणारा बाबू साहेबांच्या सहीची वाट पाहत होता, आणि साहेब छिंदवाड्याला बैठकीला गेले होते. काकाजी नाक्यापर्यंत गेले, बाबूपर्यंत गेले, बैठक कशाची आहे तेही विचारून आले. कामांना उशीर का होतो, यावर बैठक होती. मी पोट धरून हसलो. काकाजींना हसू आलं नाही. "हे सात जन आज संध्याकाळी रोजी घेऊन घरी जातीन. टाकी तेवढीच राहीन," एवढंच म्हणाले.

जगभरातली बांधकामं मोजायची खोड त्यांना लागली ती लेकीच्या मोबाईलमुळं. परदेशात कुठंतरी शनिवारी जुना पूल काढला आणि सोमवारी नव्यावरून गाड्या गेल्या, असा व्हिडिओ तिनं दाखवला. काकाजींनी तो इतक्यांदा पाहिला की तिचा फोन तापला. "तिकडची माणसं का चार हाताची असते?" हा एकच प्रश्न. त्या दिवसापासून आमच्या भागातला कोणी परदेशात असला तर त्याची खैर नसे.

मोहगावचा एक पोरगा आखातात क्रेन चालवायचा. काकाजींनी त्याला फोन लावायला मला भाग पाडलं. तिथं कामं भराभर आणि स्वस्तात होतात हे ऐकून त्यांनी माझ्याकडं बोट नाचवलं. पण पोरगा पुढं म्हणाला, "काकाजी, इथं पासपोर्ट मालकाजवळ असते. उनात पोरं चक्कर येऊन पडते. पडला त दुसरा उभा करते." काकाजींनी फोन माझ्या हातात दिला. "हे सस्तं नाही," ते म्हणाले, "हे दुसऱ्याच्या अंगावर टाकलेलं हाय." आखात त्यांनी शिकण्याजोग्या जागांच्या यादीतून काढून टाकलं.

पांढुर्ण्याच्या, म्हणजे माझ्याच गावच्या, एका कापडवाल्याचा मुलगा अमेरिकेत होता. त्याच्या शहरात मेट्रोचं एक स्टेशन त्याची मुलगी जन्मायच्या आधीपासून चाललं होतं आणि ती आता शाळेत जात होती. रोज कोणीतरी कोर्टात जातं, रोज नवा सल्लागार येतो, असं तो म्हणाला. काकाजी दोन दिवस खूश होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला. "पैशानं होत असतं तं अमेरिकेत कवाच झालं असतं. मंग कशानं होते?"

उत्तर त्यांना कोरियातून मिळालं. गावातल्या एका मास्तरांची मुलगी तिकडं शिकायला गेली होती. तिच्या खिडकीतून रेल्वेच्या नव्या लाईनचं काम दिसायचं. काकाजींनी तिला रोज सकाळी त्याच खिडकीतून एक फोटो काढून पाठवायला लावला. बिचारीनं सहा महिने पाठवले. ते फोटो काकाजी भिंगातून बघत. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "हे पाहा. पयल्या दिवशीचा तो बुटका मानूस. टोपीवर लाल पट्टा. अन् हा आजचा. तोच हाय. पोरीले विचारलं मी. म्हणे, यायच्या आधी हेच लोक मागच्या स्टेशनावर होते, अन् पुढच्यावरही हेच जानार. नकाशाही तोच." मग हळू आवाजात म्हणाले, "आपल्या इथं दर पूल पयला पूल असते. जो शिकला त्याची बदली होते."

मी हे सगळं ऐकायचो आणि मनातून अस्वस्थ व्हायचो, कारण मी जन्माचा घाबरट. नोकरीत आणखी झालो. कुठल्याही कागदावर सही करताना मला पुढची चौकशी दिसायची. ड्रॉइंगमध्ये जिथं सोळाची सळई पुरेल तिथं मी वीसची टाकायचो, पुलासाठी नव्हे, माझ्यासाठी. काकाजींनी एकदा माझ्या टेबलावरचं ड्रॉइंग बघितलं. सळया मोजल्या. "यातलं अर्धं लोखंड पुलाचं," म्हणाले, "बाकीचं तुमच्या भीतीचं." मी चिडलो. दोन दिवस बोललो नाही. खरं होतं म्हणूनच चिडलो.

तर आमचा पूल. रामाकोन्याच्या पुढं एक नाला आहे. त्यावर जुना बुटका रपटा होता. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून वाहायचं आणि पलीकडचं गाव दोन-दोन, तीन-तीन दिवस तुटायचं. काकाजींची लेक त्याच गावात अंगणवाडीत होती. तिथंच तिचं सासर. तीन खांबांचा पूल मंजूर होऊन बराच काळ लोटला होता. माझ्या आधीचे तिघं इंजिनियर त्याच्या फाईलला हात लावून बदलून गेले होते.

मी चार्ज घेतला तो ऑफिसात चहा पिता पिता. यादी होती : टेप एक, लेव्हल मशीन एक, तिपाई मोडकी एक, किल्ल्या दोन. सही केली. नाल्याबद्दल यादीत काही नव्हतं. पुढं फाईल उघडली तेव्हा कळलं, की जमिनीखाली खडक किती खोल आहे त्या बोअरिंगचे कागद दोन खांबांचे आहेत, मधल्या खांबाचा कागद गहाळ आहे. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "एक तर तुम्ही जागा पाहून लिहून द्या की खडक आहे. नाही तर नवीन बोअरिंगचा प्रस्ताव पाठवा. मी मध्ये पडणार नाही."

काकाजींना सांगितलं तर ते उठूनच उभे राहिले. "बोअरिंग झालं तवा मी तिथं होतो ना! दीड पुरुष खाली पक्का खडक हाय. चला. तुमाले चार्ज कोनी देलाच नाही अजून."

थंडी सरत आली होती. नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं. काठावर पोचल्यावर काकाजी म्हणाले, "चप्पल काढा." मी बूट घालून होतो. बूट काढले, पँट दुमडली. त्यांनीही चपला काढल्या, धोतर खोचलं. "चार्ज कागदावर नसते, पायात असते," म्हणाले आणि पाण्यात उतरले. मी मागं. या काठापासून त्या काठापर्यंत त्यांनी मला चालवलं. इथं चिकण माती, पाय रुतते पाहा. इथं मुरूम. इथं जुन्या पुराचे गोटे, यांच्या भरवशावर राहू नका, हे पाहुने. मधोमध आल्यावर टाच आपटून म्हणाले, "अन् हे तुमचं. याच्या खाली दीड पुरुष. लिहून द्या बिनधास्त."

मला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. लिहून द्यायचं मी तिथंच ठरवलं. मान खाली करून ती जागा नीट बघितली, आणि तेव्हा ते दिसलं. काकाजींच्या डाव्या पायाखालून पाणी लाल होऊन वाहत होतं. फुटक्या बाटलीचा तुकडा त्यांच्या तळव्यात शिरला होता. ते त्यावरच उभे राहून मला खडक सांगत होते.

"काकाजी, पाय!"

त्यांनी खाली बघितलं, जणू दुसऱ्याच कोणाचा पाय आहे. "अरे. कवा लागलं हे?" काच उपटली, रुमाल बांधला. "शुगर हाय थोडी," म्हणाले आणि पुढं चालू लागले.

परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती : ज्या पायाला काच कळत नाही त्याला खडक काय कळणार? आणि त्या पायाच्या भरवशावर मी सही करणार होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी नवीन बोअरिंगचा प्रस्ताव लिहिला. काकाजींना सांगितलं नाही. लाज वाटली. त्यांची की माझी, ते आजही कळत नाही.

प्रस्ताव गेला. शंका निघाली, उत्तर गेलं. टेंडर निघालं, कोणी भरलं नाही, पुन्हा निघालं. ऊन तापलं. नाला कोरडा पडला, दोन कडेचे खांब उभे राहिले आणि मधली जागा तशीच. एका दुपारी काकाजी मला न सांगता तिथं जाऊन आले. अंगणात बसले होते. पायाची जखम वरून भरली होती पण ते जरा लंगडत होते.

"साहेब, मधल्या खांबाचे लोक कोनाची वाट पाहून राहिले?"

"मशीनची."

"अन् मशीन?"

"टेंडरची."

"टेंडर कोनी मांगलं?"

टाकीच्या वेळी छिंदवाड्याच्या बैठकीपर्यंत माग काढणाऱ्या या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदाच पुढं विचारलं नाही. घड्याळाला चावी देत बसले.

मग पावसाळा. काकाजी लेकीकडं गेलेले असताना पायाची जखम पुन्हा फुटली, ताप चढला, पाय काळसर पडू लागला. त्याच वेळी पाऊस लागला तो थांबेना. लेकीचा मला फोन आला. "दादा, बाबाले नागपूरले न्या लागते. रपट्यावरून पानी चाललं. तुमच्या ऑफिसची काही सोय हाय का?"

मी ऑफिसची जीप घेऊन गेलो. अलीकडच्या काठावर मी, पलीकडच्या काठावर बाजेवर काकाजी, त्यांच्यावर ताडपत्री धरून लेक आणि जावई. मधे गढूळ पाणी, आणि पाण्यात माझे दोन खांब उभे. मधला असता तर वर फळ्या टाकून बाज आणता आली असती. तसं कोणी म्हणालं नाही. मीच म्हणत होतो, मनात, सारखं. त्या दिवशी पाणी उतरलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. दोन्ही दिवस मी सकाळपासून काठावर उभा होतो. करण्यासारखं काही नव्हतं. मी थांबलेला माणूस होतो. पलीकडून ते मला मोजत असतील, असं सारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. नागपूरला डॉक्टर म्हणाले, आधी आले असते तर पाय वाचवायचा प्रयत्न करता आला असता. नक्की वाचलाच असता असं ते म्हणाले नाहीत. या एका वाक्याला मी वर्षभर लोंबकळत राहिलो. डावा पाय गुडघ्याखालून काढला.

पाऊस संपल्यावर मशीन आलं. खाली गेलं. दीड पुरुषावर खडक लागला, पक्का, काळा. मशीनवाला म्हणाला, "साहेब, अभिनंदन."

मी तसाच काकाजींकडं गेलो. ते बाजेवर बसले होते, शिटी गळ्यात होती. म्हटलं, "काकाजी, खडक लागला. तुम्ही सांगितला तिथंच."

"मंग? मी का खोटं बोललो होतो?"

"तुमच्या पायाला काच कळली नाही, म्हणून मला वाटलं..."

मग त्यांच्या लक्षात आलं. "अच्छा. म्हणून," म्हणाले. "पायाले कळनं बंद होऊन पाच साल झाले असतीन जी. पन तो खडक मले रपटा बांधला तवापासून, तीस साल झाले, मालूम हाय. पाय तं मी तुमच्यासाठी चालवला. तुमचे पाय शिकावे म्हणून." आणि मग हळूच, रागावून नव्हे, म्हणाले, "पायाले काय विचारता? मले विचाराचं होतं."

मी रडलो. त्यांनी मला रडू दिलं. सतरा साहेबांनी त्यांना चहा दिला असेल, खुर्ची दिली असेल. खडक कुठं आहे, हे एकानंही विचारलं नव्हतं. मी अठरावा.

पूल झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, रीतीप्रमाणं, माझी बदली झाली. माझ्या जागी एक तरुण मुलगी आली, हुशार, अबोल. त्याच नाल्यावर वरच्या अंगाला आणखी एक रपटा आहे, त्याचा पूल तिच्या वाट्याला आला होता. ऑफिसात तिनं यादीसाठी पेन काढलं. मी म्हटलं, "यादी मागून करू. आधी नाल्यावर चला."

काकाजी जावयाच्या ऑटोतून आले. काठावर त्यांची खुर्ची मांडली, कुबडी शेजारी ठेवली. मी आणि ती पाण्याशी उभे राहिलो तशी त्यांनी शिटी वाजवली. "चप्पल काढा."

मी बूट काढले. तिनं सँडल काढले. पाण्यात उतरून मी तिला चिकण माती दाखवली, मुरूम दाखवला, पाहुणे गोटे दाखवले. जिथं माझ्या पायाला कळेना तिथं मी काठाकडं बघायचो आणि काकाजी हातानं डावं-उजवं दाखवायचे. मधोमध पोचलो. म्हटलं, "इथं खाली खडक आहे."

तिच्या चेहऱ्यावर मला माझीच भीती दिसली. "सर, हे लिहून मिळेल का?"

मी म्हटलं, "मिळेल. पण आधी त्यांना विचारा."

ती पाण्यातून बाहेर गेली. काकाजींच्या खुर्चीजवळ दगडावर बसली आणि म्हणाली, "काकाजी, तुम्ही सांगा. मी काय करू? खडक नसला तर?"

कोणी असं विचारेल याची काकाजींना सवय नव्हती. त्यांनी घड्याळ काढलं, चावी दिली, पुन्हा मनगटावर बांधलं.

"माझ्यावर इस्वास नका ठेवू बाई," ते म्हणाले. "चार माणसं लावा. खड्डा खणा अन् सोताच्या डोळ्यानं पाहा. कितीक दिवस लागते त्याले? दोन दिवस."

मी पाण्यातच उभा होतो. तळव्यांना गार दगड लागत होते. चार माणसं आणि दोन दिवस. त्या वेळीही तेवढेच लागले असते.